शीत प्रदेशातील भ्रमंतीसाठी अंगालगतच्या वस्त्राची निवड : महाविद्यालयीन गिरिभ्रमणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे शहरास गिर्यारोहणाची मोठी परंपरा आहे. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पुढे ‘गिरिप्रेमी’ या पुण्यातील संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१९ साली कांचनगंगा या शिखरांवरील मोहिमा यशस्वी केल्या. अशा मोहिमांत सहभागी होणाऱ्या गिर्यारोहकांना अंगावर प्रथम कोणते वस्त्र चढवावे हे शिकवावे लागत नाही. परंतु दरवर्षी दिवाळीनंतर व नाताळच्या सुट्टीत शहरातील महाविद्यालयांच्या ज्या सहली हिमालयात जातात, त्यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचलेले दिसत नाही. या सहलींसाठी सूचनाफलकावर जी साहित्याची यादी लागते, तीत बहुधा ‘थर्मल – २ जोड’ एवढाच उल्लेख असतो. थर्मल कोणत्या तंतूचे असावे, याविषयी यादी मौन पाळते.

प्रस्तुत लेखिका भौतिकशास्त्राचे अध्यापन करते व महाविद्यालयाच्या गिरिभ्रमण मंडळाची प्रभारी प्राध्यापक म्हणून काम पाहते. उपरोल्लेखित यादी अनेक वर्षे तिच्याच सहीने लागत होती, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल. प्रस्तुत लेखात या एका शब्दामागील विज्ञान उलगडण्याचा प्रयत्न केला असून, विद्यार्थ्यांसमवेत जाणाऱ्या अध्यापकांना निवड करताना त्याचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा आहे.

संज्ञेचे स्पष्टीकरण

शीत प्रदेशात कपडे थरांनी घालावेत, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. सर्वांत बाहेरचा थर वारा व हिम अडवतो, मधला थर हवा कोंडून ऊब राखतो आणि सर्वांत आतला थर त्वचेस लागून असतो. या आतल्या थरास इंग्रजीत ‘बेस लेयर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘अंगालगतचा थर’ असे संबोधिले आहे. बनियन, थर्मल, पायजम्याऐवजी घालावयाची लेगिंग, मोजे, इतकेच नव्हे तर अंतर्वस्त्रे या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. बाहेरच्या दोन थरांविषयी येथे विस्तार केलेला नाही. जॅकेट आणि स्वेटर यांची निवड लोक पुरेशा काळजीने करतात. चूक होते ती आतल्या थरात, कारण तो कोणास दिसत नाही.

पुणेरी थंडी आणि आपली समजूत

उबदार कपड्यांविषयीची आपली समजूत आपल्या हवामानातून घडली आहे. पुण्यात नोंदलेले नीचांकी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजीचे १.७ अंश सेल्सिअस होय. अशी रात्र विरळाच. एरवी येथील हिवाळा कोरडा असतो, वारा बेताचा असतो आणि सकाळी नऊनंतर ऊन चढते. अशा थंडीत माणूस स्थिर बसलेला असतो किंवा दुचाकीवरून जात असतो. तो घामाघूम झालेला नसतो. परिणामी, हाताला मऊ व जाड लागणारे सुती बनियन आणि त्यावर स्वेटर ही योजना पुण्यात उत्तम ठरते. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानात थर्मल घेताना आपण ते चिमटीत धरून जाडी पाहतो व गालाला लावून मऊपणा पाहतो, ते याच अनुभवाच्या आधारे. ही परीक्षा पुण्यापुरती खरी आहे. डोंगर चढणाऱ्या देहास मात्र ती लागू पडत नाही.

एक अनुभव

२०२२ च्या डिसेंबरमध्ये महाविद्यालयाची एक तुकडी उत्तराखंडातील केदारकांठा येथे गेली होती. सांकरी गावातून आरंभ होणारा हा मार्ग सुमारे ३८०० मीटर उंचीच्या शिखरावर नेतो आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ असते. शिखराच्या दिवशी पहाटेच्या अंधारातच चढाई सुरू होते. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी अतिशय उत्साहाने, अंगावर सर्व कपडे चढवून, पुढच्या गटात चालत होती. ती पुरंदर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील. वडिलांनी खास सहलीसाठी महागडे थर्मल घेऊन दिले होते. शिखरावर सूर्योदयाची वाट पाहत सर्वजण थांबले. वारा सुटला होता. पंधरा-वीस मिनिटांत तिला हुडहुडी भरली, हातमोज्यांतील बोटांनी जॅकेटची चेन लागेना आणि बोलण्यात जडपणा आला. वाटाड्याने आणि लेखिकेने तिला एका खडकाच्या आडोशाला नेले. मुलींनी भोवती चादर धरली. आतले थर्मल काढले तेव्हा ते पाठीवर व काखेत अक्षरशः पिळण्याजोगे ओले होते. कोरडे कपडे घातल्यावर आणि गरम साखरपाणी दिल्यावर ती सावरली व स्वतःच्या पायांनी उतरली.

थर्मलच्या पट्टीवर ‘कापूस ६०%, पॉलिएस्टर ४०%’ असे छापलेले होते. तिच्या पाठपिशवीत महाविद्यालयाच्या कबड्डी संघाची पॉलिएस्टरची जर्सी कोरडी पडून होती. “मॅडम, यादीत थर्मल लिहिलं होतं, म्हणून जर्सी घातली नाही,” असे तिने नंतर सांगितले. तिने यादीचे पालन केले होते. दोष यादीचा होता.

गारठा येतो कोठून?

वरील प्रसंगाचा उलगडा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राने होतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ मानवी देह सुमारे १०० वॅट दराने उष्णता निर्माण करतो. पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना हा दर कित्येक पटींनी वाढतो. एवढी उष्णता बाहेर टाकण्यासाठी देह घाम गाळतो. थंडीत घाम येत नाही ही समजूत चुकीची आहे. जाड कपड्यांच्या आत तो भरपूर येतो, केवळ दिसत नाही.

समजा, शिखरावर थांबतेवेळी अंगालगतच्या वस्त्रात १०० ग्रॅम घाम साठलेला आहे. त्वचेच्या तापमानास पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा प्रतिग्रॅम सुमारे २.४ किलोज्यूल असतो. म्हणजे हे १०० ग्रॅम पाणी वाळण्यासाठी सुमारे २४० किलोज्यूल उष्णता लागेल. ६० किलो वजनाच्या देहाची विशिष्ट उष्माधारकता प्रतिकिलो ३.५ किलोज्यूल धरल्यास, त्याचे तापमान एका अंशाने उतरण्यासाठी २१० किलोज्यूल उष्णता जावी लागते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सर्व उष्णता देहातूनच जाते असे नाही, आणि देह थरथरून नवीन उष्णता निर्माण करीतच असतो. तरीही हे पाणी अर्ध्या तासात वाळले तर त्यासाठी लागणारी उष्णता सुमारे १३५ वॅट दराने खर्च होते. स्थिर बसलेला देह निर्माण करतो त्याहून हे अधिक आहे. शिवाय वारा, थंड हवा आणि बुडाखालचे बर्फ आपापला वाटा घेतातच.

दुसरी हानी वहनाची. कपडा ऊब देतो ती तंतूंमुळे नव्हे, तर तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. हवा अतिशय मंदवाहक आहे. पाण्याची औष्णिक वाहकता तिच्या सुमारे तेवीस पट आहे. कापडातील हवेची जागा पाण्याने घेतली की तेच कापड उष्णता बाहेर नेण्याचा मार्ग बनते.

देहाच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंशांखाली गेल्यास त्या स्थितीस वैद्यकशास्त्रात हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी, बोटांचा बधिरपणा, अडखळते बोलणे, चालताना तोल जाणे ही त्याची आरंभीची लक्षणे. हुडहुडी आपोआप थांबली आणि विद्यार्थी सुस्तावला, तर ती सुधारणा न मानता गंभीर धोक्याची खूण मानावी, हे अध्यापकांनी विशेष ध्यानी ठेवावे.

यावरून अंगालगतच्या थराचे कार्य निश्चित होते. त्याने ऊब द्यावी ही अपेक्षा दुय्यम आहे. चालत्या देहावर त्याने पाणी साठू देऊ नये, हे मुख्य कार्य.

तंतूंचा स्वभाव

एक ग्रॅम घाम वाळवण्यास लागणारी उष्णता कापडागणिक बदलत नाही. बदलते ती कापडाने अडवून ठेवलेल्या घामाची मात्रा आणि तो घाम त्वचेस चिकटून राहतो की बाहेरच्या बाजूस पसरतो ही गोष्ट. वस्त्रोद्योगात तंतूचा आर्द्रतेशी असलेला संबंध मोजण्याची प्रमाणित रीत आहे. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत कोरडा तंतू आपल्या वजनाच्या किती टक्के बाष्प शोषून घेतो, हे तीत पाहिले जाते. कापसासाठी हे प्रमाण साधारण ८, रेशमासाठी ११, लोकरीसाठी १४ ते १६, नायलॉनसाठी ४ आणि पॉलिएस्टरसाठी केवळ ०.४ टक्के आहे. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच शोषत नाही.

हे आकडे वाचून चौकस वाचकास प्रश्न पडेल की लोकर कापसाहूनही अधिक आर्द्रता शोषते, मग कापूस वाईट आणि लोकर चांगली कशी? वर्गातही हाच प्रश्न येतो आणि तो योग्यच आहे. याचे उत्तर तंतूच्या रचनेत आहे. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याचा पृष्ठभाग व अंतर्भाग दोन्ही जलस्नेही असल्याने तो द्रवरूप घाम आनंदाने पितो, फुगतो, तंतूंमधील पोकळ्या बुजतात आणि ओले कापड त्वचेवर सपाट चिकटून बसते. टॉवेल सुती का असतो, याचेही कारण हेच. टॉवेल नेसून डोंगर चढणे आपण योग्य मानणार नाही. सुती थर्मल घालून चढणे हे त्याच जातीचे आहे. लोकरीच्या तंतूवर मात्र खवल्यांचे आवरण असून त्याचा पृष्ठभाग स्निग्ध व जलरोधी असतो. बाष्प त्यातून आत शिरते, परंतु द्रवरूप पाणी पृष्ठभागावर सहज पसरत नाही. शिवाय लोकरीस नैसर्गिक कुरळेपणा असल्याने भिजल्यावरही ती त्वचेपासून किंचित उठून राहते व पोकळ्यांतील हवा टिकते.

लोकर बाष्प शोषताना उष्णता बाहेर टाकते, हेही खरे. जाहिरातींत या गुणाचे फार कौतुक असते. परंतु दोनशे ग्रॅम वजनाच्या पातळ बनियनाची शोषणक्षमता मर्यादित असते आणि ती एकदा संपली की ही ऊबही संपते. कोरड्या तंबूतून दमट थंडीत पाऊल टाकताना तिचा उपयोग जाणवतो. दिवसभराच्या चढाईत त्यावर विसंबू नये.

पॉलिएस्टरची रीत वेगळी. तंतू स्वतः पाणी पीत नाही, मात्र तंतूंमधील सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने घाम बाहेरच्या बाजूस ओढला जातो आणि मोठ्या क्षेत्रावर पसरून लवकर वाळतो. खेळाच्या जर्सीच्या तंतूंना मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, त्या हे केशाकर्षण वाढावे म्हणूनच. १९७० च्या दशकात पॉलिप्रॉपिलीनची अंतर्वस्त्रे आली. ती वजनाने हलकी व अत्यल्प पाणी धरणारी होती, परंतु दुर्गंधी आणि उष्णतेपुढील नाजूकपणा यांमुळे पुढील दशकात पॉलिएस्टरने त्यांची जागा बव्हंशी घेतली. पॉलिएस्टरचेही दोष आहेत. दोन दिवसांत त्यास घामाचा उग्र दर्प येतो. लोकरीस तो बराच उशिरा येतो. स्टोव्हजवळ वावरताना पॉलिएस्टर वितळून त्वचेस चिकटू शकते, तर लोकर वितळत नाही, करपते. स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या गटास हे आवर्जून सांगावे.

रेशीम हा मधला पर्याय होय. पातळ, हलके आणि त्वचेस सुखद. परंतु नाजूक आणि महाग. स्थिर थंडीत ते उत्तम असले तरी पाठपिशवीच्या पट्ट्याखाली फार काळ टिकत नाही. जुन्या काळी मात्र त्यास मान होता. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी १९९९ साली सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक थर होते. त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती २००६ साली एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहण्यात आल्या व त्या समजुतीपेक्षा बऱ्याच कार्यक्षम आढळल्या. थरांचे तत्त्व कृत्रिम तंतूंहून जुने आहे, एवढे यावरून निश्चित दिसते.

घोंगडीची साक्ष

भिजूनही ऊब राखण्याचा लोकरीचा गुण महाराष्ट्रास नवा नाही. धनगर समाज दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून घोंगडी विणतो, तिला चिंचोक्याची खळ देतो आणि भर पावसात तिची खोळ करून मेंढरांमागे हिंडतो. घोंगडी भिजून जड होते, पण आतला माणूस गारठत नाही. येथे पारंपरिक अनुभव आणि प्रयोगशाळा यांचे एकमत आहे.

मग दख्खनी लोकरीचे बनियन का नको? कारण तंतूची जाडी. साधारण तीस मायक्रॉनहून जाड तंतूचे टोक त्वचेस टोचते. दख्खनी लोकर भरड, गालिचाच्या प्रतीची असते. ती अंगाबाहेर पांघरावी. अंगालगत चालते ती मेरिनो मेंढीची लोकर, जिचा तंतू बहुधा सतरा ते चोवीस मायक्रॉनांचा असतो. ‘लोकर टोचते’ ही आपल्याकडील सार्वत्रिक तक्रार लोकरीविरुद्ध नसून जाड तंतूविरुद्ध आहे. परंतु मेरिनोच्या एका सदऱ्याची किंमत साध्या थर्मलच्या कित्येक पट असते, हे दृष्टिआड करून चालणार नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ‘मेरिनो घ्या’ असे सांगणे म्हणजे त्यास घरी राहावयास सांगणेच होय.

निवडीचे प्रत्यक्ष निकष

सबब लेखिकेचे मत असे की महाविद्यालयीन सहलीसाठी पहिली पसंती विद्यार्थ्याकडे आधीच असलेल्या पॉलिएस्टरच्या क्रीडा-जर्सीस द्यावी. ती अंगासरशी बसावी. सैल जर्सी त्वचेवरील घाम उचलत नाही. पूर्ण बाह्यांची असल्यास उत्तम. दुकानातील ‘थर्मल’ हा शब्द तंतूविषयी कोणतीच हमी देत नाही. पट्टीवरील टक्केवारी वाचावी आणि कापूस मुख्य घटक असल्यास ते चालण्यासाठी घेऊ नये. पट्टी नसल्यास शिवणीतील एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. कापसास जळत्या कागदाचा वास येतो, लोकरीस जळत्या केसांचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट संकोचामुळे सांगावयाची राहून जाते. वरचे थर्मल योग्य असूनही आतली अंतर्वस्त्रे आणि लेगिंग सुती असतात. चढाईत सर्वाधिक भिजणारे भाग तेच. यादीत हे स्पष्ट शब्दांत लिहावे व मुलींच्या स्वतंत्र बैठकीत महिला प्राध्यापकांनी समजावून सांगावे. जीन्सविषयी तर बोलावयासच नको. जाड सुती विणीची ती पँट बर्फात भिजली की दिवसभर वाळत नाही.

वस्त्राइतकेच ते केव्हा काढावे हेही महत्त्वाचे. चढाईस आरंभ करताना किंचित थंडी वाजत असावी, असा गिर्यारोहकांचा संकेत आहे. जॅकेट पाठपिशवीत ठेवून निघावे आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्यापूर्वी, चढवावे. हे पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण आदल्या रात्री दूरध्वनीवरून आईने ‘स्वेटर अंगातून काढू नकोस’ असे बजावलेले असते.

सुती थर्मल फेकून द्यावे असे नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावे. स्लीपिंग बॅगेत चढाईसारखा घाम येत नाही आणि कोरडा कापूस ऊबदारच असतो. सह्याद्रीतही हाच क्रम उपयोगी पडतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी राजगड चढून पद्मावती मंदिरात मुक्काम करणारे कित्येक विद्यार्थी रात्रभर कुडकुडतात आणि गडावरच्या थंडीस दोष देतात. वस्तुतः ते ओल्या बनियनातच झोपलेले असतात. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवर पुण्यापेक्षा सहा-सात अंशांचाच फरक अपेक्षित असतो. तेवढी थंडी कोरड्या अंगास सहज सोसते.

अध्यापकांसाठी एक प्रयोग

या विषयावर व्याख्यान देण्यापेक्षा प्रयोगशाळेतील तराजू अधिक प्रभावी ठरतो, असा अनुभव आहे. सुती बनियन, मिश्र थर्मल, पॉलिएस्टरची जर्सी आणि मिळाल्यास लोकरीचा सदरा यांचे समान क्षेत्रफळाचे तुकडे कोरडे मोजावेत, पाण्यात बुडवून सारख्याच रीतीने पिळावेत, पुन्हा मोजावेत आणि पंख्याखाली टांगून दर दहा मिनिटांनी वजनाची नोंद घ्यावी. वजन व काळ यांचा आलेख विद्यार्थ्यांनीच काढावा. तराजू, पंखा आणि घड्याळ यांपलीकडे साधन लागत नाही. गेल्या दोन वर्षांपासून सहलीच्या नावनोंदणीपूर्वी हा प्रयोग घेतला जातो आणि प्रत्येकजण स्वतःच्या थर्मलचा तुकडा आणू शकत नसल्याने अख्खे थर्मलच तराजूवर चढते.

सूचनाफलकावरील यादीत आता ‘थर्मल – २ जोड’ हे शब्द नाहीत. त्या जागी पुढील मजकूर आहे : ‘चालण्यासाठी पॉलिएस्टरची अंगासरशी बसणारी जर्सी – २ नग (घरी असेल तीच आणावी, नवीन घेऊ नये), पॉलिएस्टरची ट्रॅकपँट – २ नग, सुती नसलेली अंतर्वस्त्रे व मोजे, झोपण्यासाठी कोणत्याही कापडाचा एक कोरडा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत, वाटेत न उघडता.’ यादी लागल्यावर दरवर्षी दोन-तीन पालकांचे दूरध्वनी येतात. मुलांना बर्फात नेऊन खेळाच्या बनियनावर ठेवणार का, असे ते काळजीने विचारतात. त्यांना शनिवारी प्रयोगशाळेत बोलावले जाते.